कुमाऊंचे भांगेचे दाणे – रिव्ह्यू (वाळवणीवरून किती फरक पडतो बघा)

भांगेच्या दाण्यांचा रिव्ह्यू बऱ्याच जणींनी मागितला होता, तर सविस्तर लिहितेय. आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पूर्ण वाचायला नको. उत्तराखंडच्या कुमाऊं भागात अल्मोड्याजवळच्या एका गावातल्या बायकांच्या बचत गटाचं साधं कागदी पाकीट, त्याला माझे पाचपैकी साडेचार. ऑनलाइन मिळणारं चकचकीत झिपवालं पाउच, पाचपैकी दोन. दिल्लीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून आलेले सुटे दाणे, पाचपैकी एक. आणि कॅनडाहून येणारे सोललेले दाणे वेगळ्याच प्रकारात मोडतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. पहिले तिन्ही दाणे अख्खेच, तिन्ही पहाडातलेच म्हणून विकले जातात, दिसायला पण लांबून सारखेच, पण भाजले, कुटले, महिनाभर बरणीत ठेवले की तीन वेगळ्या वस्तू वाटतात, आणि जितकं विचारत गेले तितकं कळत गेलं की हा फरक मुख्यतः कापणीनंतर वाळवताना पडतो.

मी साताऱ्यात घरगुती चटण्या करून विकते. कारळं, जवस, तीळ, शेंगदाणा हे माझं रोजचं काम, त्यामुळे तेलबी हातात आली की आधी वास, मग दाताखाली एक दाणा, मगच भाव. पुण्याच्या एका कस्टमरबाईंनी नैनितालला भांगेची चटणी खाल्ली होती आणि तशी करून द्याल का म्हणून विचारलं, तिथून हे सुरू झालं.

नशेचा प्रश्न पहिला येतो म्हणून तो आधीच संपवते. दाण्यात नशा नसते. नशेचं जे द्रव्य, टीएचसी, ते मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट बारीक ग्रंथींमध्ये तयार होतं, बीच्या आत नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजाची जी व्याख्या आहे त्यातून बिया आणि पानं, ती फुलोऱ्याच्या शेंड्यांसोबत नसतील तर, वगळलेली आहेत. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, तेल आणि पीठ हे अन्न म्हणून विकायला रीतसर मान्यता दिली, आणि त्यात टीएचसीची कमाल मर्यादा बियांना किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलाला किलोमागे १० मिलिग्रॅम ठेवली. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचं लायसन्स दिलं, देशात पहिल्यांदा, तिथे झाडातच टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत लागतं. अर्थात कुमाऊं-गढवालमधली माणसं हे दाणे त्याच्या कितीतरी आधीपासून खातायत. पण एक सांगून ठेवते, हे दाणे हौस म्हणून कुंडीत पेरू नका, परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे, बी खायला चालतं म्हणून झाड लावायला चालत नाही.

आता पाकीट नंबर एक. उघडल्याबरोबर जो वास आला तो ताज्या अक्रोडाच्या जवळचा, थोडासा हिरवट, गवताकडे झुकणारा. दाणा ज्वारीपेक्षा जरा लहान, गोलसर, राखाडी-तपकिरी, आणि नीट उजेडात धरलात तर सालीवर संगमरवरासारखी बारीक जाळी दिसते. दाताखाली धरून दाबला की कट् आवाज करून दोन फाका होतात आणि आतला गर पांढराशुभ्र नाही पण स्वच्छ सायीच्या रंगाचा. हा कट् आवाज फार महत्त्वाचा आहे. दाणा ओला असेल तर तो फुटत नाही, चेपतो, आणि जास्त तापवून वाळवलेला असेल तर साल आधीच तडकलेली असते त्यामुळे भुगा होतो. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरून बघितले, फुटके जवळजवळ नव्हतेच. काही हिरवट कोवळे दाणे होते, ते चालतात, पुढे सांगते का ते.

गटातल्या ज्या दीदी ऑर्डर घेतात त्यांना मी वॉट्सॲपवर विचारलं की तुम्ही वाळवता कसं, तर त्यांनी एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला आणि शेवटी छताचा फोटो. तिकडे पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरला तयार होतं. भांगेच्या कणसात सगळे दाणे एकदम पिकत नाहीत, खालचे आधी पिकतात, वरचे मागून. शेवटच्या दाण्यासाठी थांबलं तर पहिले गळून जातात, उरलेले पाखरं खातात. म्हणून अर्ध्याहून बरेच जास्त दाणे पिकून तपकिरी झाले की झाडं कापतात आणि लगेच झोडपत नाहीत. पेंढ्या बांधून घराच्या ओसरीत, गोठ्याच्या आडोशाला, वारं लागेल अशा उभ्या करून ठेवतात. काही दिवस तशाच. मग कोवळे दाणे देठावरच हळूहळू सुकतात, पक्व दाण्यांचं पाणी पण सावकाश जातं. पेंढी हलवल्यावर दाणे आपोआप सुटायला लागले की चादरीवर काठीने झोडपतात, सुपात पाखडतात, आणि मग दगडी पाट्यांच्या छतावर, त्याला तिकडे पठाल म्हणतात, कापडावर पातळ थर पसरतात. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर पसरायचं, अधूनमधून हाताने फिरवायचं, आणि उन्हं कलायच्या आत गोळा करून घरात. रात्री बाहेर ठेवलं तर दिवसभर गेलेलं पाणी दवातून परत आत येतं. हे शेवटचं वाक्य दीदींनी दोनदा सांगितलं.

आता हे का चालतं ते बघा. भांगेच्या बीत साधारण ३० टक्क्यांच्या वर तेल असतं, आणि ते तेल बहुतांश ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं, म्हणजे जवसाच्या भावंडांतलं, हवेशी आणि उष्णतेशी पटकन बिघडणारं. त्याला वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अख्खी, न तडकलेली साल. दाण्यातलं पाणी हळू गेलं तर साल आणि गर सोबत आकसतात. घाईने, फार गरम हवेत वाळवलं तर बाहेरचं कवच आधी सुकून आवळतं, आत अजून ओल असते, आणि कवचाला बारीक चिरा जातात. त्या चिरेतून हवा आत जाते आणि तेल खवट व्हायला सुरुवात होते. उलट फार सावकाश, ढिगात, वारं न लागता वाळवलं तर दाणे श्वास घेत असतात, ढीग आतून गरम होतो, बुरशी धरते, तेल फुटून आंबूस कडवट चव येते. नुसतं सावलीत की नुसतं उन्हात एवढ्यावर भागत नाही, ताज्या कापलेल्या मालाला पहिले काही तास वारं मिळालं का, थर किती पातळ होता आणि तापमान किती वर गेलं, हे तीन प्रश्न. कुमाऊंत नोव्हेंबरात ऊन लख्ख पण हवा थंड आणि कोरडी, ही जोडी अशा बियांना फारच मानवते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सिमेंटच्या स्लॅबवर काळ्या ताडपत्रीवर हेच केलं तर दाणा अक्षरशः भाजून निघेल, कारळ्याचं सुद्धा तेच होतं, म्हणून आमच्या इथल्या साताऱ्याच्या गटातल्या जुन्या काकू कारळं कधीच थेट स्लॅबवर टाकू देत नाहीत, खाली बाज किंवा गोणपाट हवंच.

साठवणीसाठी बीतला ओलावा ९-१० टक्क्यांच्या खाली यायला लागतो, ८ च्या आसपास आला तर उत्तम. ही मोठी कसोटी आहे कारण गहू-ज्वारीला १२ टक्के चालून जातात, आपली नजर धान्याची असते, आणि तेलबियांना तेवढी ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पाउचवाल्यांकडे वळते. नाव देत नाही, माझ्या एका ऑर्डरवरून कुणाचं नुकसान व्हावं असं वाटत नाही. पॅकिंग सुंदर, लायसन्स नंबर आहे, पॅकिंगची तारीख आहे, प्रोटीन-फायबरचा तक्ता आहे, ऑरगॅनिकचा हिरवा शिक्का आहे. पण उघडल्यावर ताजा वासच नाही. जवळ नेलं तर पुसट भाजल्यासारखा आणि त्याच्या मागे जुन्या तेलरंगाच्या डब्याचा वास. जवसाचं तेल रंगात वापरतात ना, तोच प्रकार, अशी तेलं हवेने बिघडली की हाच वास येतो. ताटलीत पसरले तर फुटक्या दाण्यांचा चुरा तळाशी, आणि फोडलेल्या दाण्यातला गर सायीऐवजी पिवळसर, काहींचा तपकिरी. चव पहिल्या सेकंदाला ठीक, मग घशात ओरखडा. कस्टमर केअरला विचारलं की ड्रायिंग कसं होतं, तर उत्तर आलं की आमचा माल मशीन ड्राय आणि हायजिनिक आहे. कुठल्या तापमानाला, किती वेळ, कापणीनंतर किती तासांत, यातलं काही नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच वाक्य आलं. अन्नाची वस्तू विकणाऱ्याने एवढं तरी सांगावं, हे मी मनापासून म्हणते.

यावरून मशीन वाईट असा अर्थ काढू नका प्लीज. कॅनडात १९९८ पासून भांगेची कायदेशीर शेती आहे, तिथे मोठमोठ्या शेतांवर कंबाइनने कापणी होते आणि ती मुद्दाम दाणा अजून दमट असतानाच करतात, कारण पूर्ण सुकेपर्यंत थांबलं तर दाणे गळतात आणि ताठ झालेला दोर, म्हणजे खोडाच्या सालीचा धागा, मशीनला गुंडाळतो. असा ओला दाणा ढिगात पडून राहिला तर काही तासांत तापायला लागतो, म्हणून तो लगेच हवेच्या कोठ्यांत जातो, खालून पंख्याने हवा सोडतात, गरज पडली तर थोडी कोमट करून. मशीनचं काम हवा फिरवणं आहे. उष्णता ही मदतनीस, आणि ती वाढवली की वेळ वाचतो, वीज-डिझेलचा खर्च बसतो, पण दाणा बिघडतो. आपल्याकडे हळद, मका, शेंगा वाळवायचे ड्रायर आहेत तेच तापमान न बदलता तेलबीला लावले जातात अशी मला दाट शंका आहे. पहाडात पाऊस लांबला, ऑक्टोबरात ढग राहिले, तर उघड्या छतावर भरवसा ठेवता येत नाही, त्या वर्षी चांगला सोलर ड्रायर किंवा पंख्याचा ड्रायर असलेला गटच चांगला माल देईल. फक्त त्यात थर्मामीटर हवा आणि हवा चाळिशीच्या वर जाऊ न देणारं माणूस हवं.

दिल्लीच्या सुट्या मालाबद्दल थोडक्यात. दाणे वेगवेगळ्या गावांचे एकत्र केलेले, त्यामुळे काही टणक, काही चेपणारे. पाखडल्यावर डांबराचे बारीक काळे खडे निघाले, म्हणजे कुठेतरी रस्त्यावर पसरून वाळवलेत. रस्त्यावर वाळवण्याचं कारण मला कळतं, शेतकऱ्याकडे जागा नसते, डांबर तापतं, वाळायला पटकन होतं. पण वरून गाड्या जातात, साल फुटते, धूळ आणि ऑइल बसतं, आणि खालून दाणा भाजतो. गोणीच्या मधल्या भागाला कुबट वास होता, दोन ठिकाणी जाळी लागलेली. चाचणीपुरते थोडे सोडले तर मी ते वापरले नाहीत, परत पण घेतले नाहीत त्यांनी.

एक मुद्दा फारसा कुणी लिहीत नाही. दाण्याच्या सालीवर बाहेरून फुलोऱ्याची चिकट धूळ लागलेली असू शकते, टीएचसीचा जो काही अंश बियांमध्ये सापडतो तो मुख्यतः तिथून येतो. नीट वाळलेला माल झोडपला की ती पानं-पाकळ्यांची किटी कोरडी होऊन सुटते आणि पाखडताना उडून जाते. अर्धवट ओला झोडपला तर चिकटून बसते, दाणे एकमेकांना चिकटतात, हाताला राळ लागते. म्हणजे वाळवणीचा संबंध चवीपुरता नाही, स्वच्छतेशी आणि त्या ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेशी पण आहे. बचत गटाच्या पाकिटात थोडी किटी होती, कोरडी होती, चाळणीने निघून गेली.

आता माझी खरी परीक्षा, चटणी. कुमाऊंनी चटणीत भाजलेले दाणे, जिरं, मिरची, कोथिंबीर, मीठ आणि वर त्यांच्याकडच्या मोठ्या पहाडी लिंबाचा रस. मी आपलं साधं लिंबू वापरलं आणि सुक्या चटणीसाठी लिंबाऐवजी आमसूल वाटून. लोखंडी कढई, मंद आच. बचत गटाचे दाणे साधारण एकदमच तडतडायला लागले, सगळ्या कढईत सारखे, मिनिटभरात वास खमंग आणि उतरवले. कारळ्यापेक्षा साल जाड आहे, त्यामुळे खलबत्त्यात कुटल्यावर किंचित कचकच राहते, ती मला आवडते, ज्यांना नको त्यांनी दाणे पाण्यासोबत वाटून गाळून घ्यावेत, तिकडे गडेरीच्या म्हणजे अळकुडीच्या रश्श्यात असंच दूध काढून घालतात आणि रस्सा दाट, खमंग होतो. पाउचचे दाणे भाजताना फुटके आधी करपले, अख्खे अजून कच्चे, कितीही हलवा. सुटे दाणे मी भाजण्यापुरते थोडे टाकून बघितले, तर आधी वाफ आली, कढईच्या काठाला पाणी सुटलं, मग तडतड. ओल किती होती ते तिथेच दिसलं. तीन वाट्या शेजारी ठेवून आमच्या साताऱ्याच्या गटातल्या बायकांना चाखायला दिल्या, कुठली कुठली ते न सांगता, तर सगळ्यांनी एकच वाटी पुढे ओढली. काकू म्हणाल्या, "ही ताज्या कारळ्याच्या वर गेली गं, दुसरीला मात्र ऊन जास्त लागलंय." पाउच मशीनमध्ये वाळलेलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण दाणा तापलाय हे जिभेला कळलं.

टिकण्याचं पण बघितलं. दोन्ही अख्खे दाणे एकसारख्या काचेच्या बरण्यांमध्ये, अंधाऱ्या कपाटात ठेवले. पाउचवाल्यांचा तो रंगाचा वास आठवड्यागणिक वाढत गेला. गटाचे दाणे पावसाळ्यापर्यंत जसेच्या तसे होते. पण पावसाळ्यात साताऱ्याची हवा काय असते सांगायला नको, एकदा बरणी उघडी राहिली तर दाणा हवेतली ओल ओढून घेतो, किती का चांगला वाळवलेला असेना. म्हणून जूनच्या आधी मी ते छोट्या छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाकले, एका वेळी एकच डबा काढायचा.

सोललेले कॅनडाचे दाणे, हेम्प हार्ट्स म्हणून मिळतात, ते मऊ, खोबऱ्याच्या कीससारखे, सॅलड-दह्यावर टाकायला छान, किंमत अख्ख्याच्या कितीतरी वर. साल काढलेली असल्यामुळे तेलाला काही संरक्षण उरत नाही, त्यामुळे ते वाळवताना, सोलताना आणि बोटीतून येताना थंड राहिले पाहिजेत. माझं पाकीट चांगलं निघालं, पण उघडल्यावर फ्रिजच्या बाहेर ठेवू नका. चटणीला मात्र उपयोग नाही, भाजल्यावर जो खमंगपणा येतो त्यात सालीचा वाटा मोठा आहे. तेल पण आणलं होतं, घाण्याचं, हिरवंगार, गडद बाटलीतलं. त्यातलं हरितद्रव्य उजेडात तेल लवकर बिघडवतं, म्हणून पारदर्शक बाटलीतलं घेऊच नका, आणि फोडणीला वापरू नका, भातावर कच्चं घाला.

कुणीतरी विचारलं होतं की मग फुलोऱ्याचं, पानांचं, दोराचं वाळवणं पण असंच का. नाही, एकाच झाडाच्या तीन भागांना तीन तऱ्हा लागतात. फुलोऱ्यातला सुगंध म्हणजे उडून जाणारी तेलं, ती उन्हात आणि गरम हवेत जातात, म्हणून जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे फुलोरा अंधाऱ्या थंड खोलीत, १५ ते २१ अंशांत, ५०-६० टक्के दमटपणात, एक-दोन आठवडे उलटा टांगून वाळवतात. अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिल या शेतीच्या कायद्याने औद्योगिक भांगेची शेती मोकळी केली, पुढच्या वर्षी खूप शेतकऱ्यांनी एकदम लावली, आणि कापणीच्या वेळी वाळवायला जागाच पुरली नाही, ओरेगॉनमध्ये पावसात पीक बुरशीने गेलं. केंटकीत तंबाखू टांगायची जुनी लाकडी कोठारं होती ती कामाला आली. लागवडीचं सगळे बोलतात, वाळवायच्या जागेचं कुणी आधी मोजत नाही, आपल्याकडे कांदा-हळदीत हेच बघतो आपण. दोराचं उलट, तिथे काड्या आधी पाण्यात किंवा दवात भिजवून जरा कुजवाव्या लागतात म्हणजे साल सुटते, आपण अंबाडीचा वाख काढतो तसंच, आणि मग तो दोर पूर्ण सुकवायचा. जास्त कुजवलं तर दोर तुटका होतो, कमी कुजवलं तर काडीला चिकटून राहतो. गढवालात या धाग्याचं भांगेला नावाचं जाडंभरडं कापड विणायचे.

घेताना काय बघायचं ते सांगते. पाच-सहा दाणे दाताखाली फोडा, कट् आवाज आणि सायीच्या रंगाचा गर हवा. मूठभर तळहातात चोळून वास घ्या, अक्रोड-गवत चांगलं, रंग-वार्निश किंवा गोणपाटाचा कुबट वास आला तर ठेवून द्या. तळाला चुरा किती आहे बघा. मिठाची जुनी युक्ती, कोरड्या बरणीत दाणे आणि कोरडं मीठ हलवायचं आणि मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे, ती धान्यासाठी ठीक आहे, पण ती १५ टक्क्यांच्या आसपासची ओल पकडते, तेलबीला तेवढ्यावर विसंबू नका, मीठ कोरडं राहिलं म्हणून दाणा साठवायला तयार झाला असं होत नाही. विकणाऱ्याला पॅकिंगची तारीख न विचारता कापणी कधीची आणि वाळवलं कसं ते विचारा, पॅकिंगची तारीख वर्षभर जुन्या मालावर पण आजची टाकता येते. आणि पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असावा.

बचत गटाचा अर्धा मार्क कशाला कापला? एक म्हणजे कागदी पाकीट. एवढ्या निगुतीने वाळवलेला दाणा कागदात भरून इतक्या लांब पाठवायचा म्हणजे वाटेतल्या दमट हवेला दार उघडं ठेवण्यासारखं आहे, आतून एक जाड पिशवी सील केली तरी काम होईल, मी त्यांना तसं कळवलंय आणि पुढच्या वेळी करू म्हणाल्या. दुसरं, कापणीचा महिना लिहिलेला नाही, फोनवर विचारावा लागतो. तिसरं, बारीक खडे, किलोमागे चिमूटभर निघतात, निवडून घ्या, दाताखाली आला तर दात जाईल. डिलिव्हरीला वेळ लागतो, तिकडून पोस्टाने येतं, आणि नेटवर्कमुळे मेसेजला उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतं. भाव पाउचपेक्षा थोडा कमीच पडला, पोस्ट धरून जवळपास सारखा.

ऑर्डर द्यायची असेल तर नोव्हेंबर संपता संपता द्या, तेव्हा नवा माल छतावरून उतरून पाखडून झालेला असतो. फेब्रुवारीनंतर त्यांच्याकडे बहुतेक उरत नाही, आणि उरलाच तर दीदी स्वतःच सांगतात की हा आता घरच्या गडेरीसाठी ठेवलाय.